नवा अल्टरनेटर आणि न भरणारी बॅटरी

मोटारींतील बॅटरी ही विजेची कोठी आहे. कोठींत धान्य पिकत नाहीं. शेतांत पिकलेलें तींत सांठवावें आणि लागेल तसें काढावें, एवढाच तिचा उपयोग. गाडी सुरू करतांना स्टार्टरला जी वीज लागते ती या कोठींतून जाते. इंजिन चालूं लागलें म्हणजे ही तूट भरून काढणें, आणि त्याच वेळीं दिवे, वायपर, भोंगा इत्यादिकांस वीज पुरविणें, हें काम ज्या यंत्राकडे असतें त्यास अल्टरनेटर म्हणतात. नारळाहून थोडें मोठें असें हें यंत्र इंजिनाच्या अंगास बोल्टांनीं आवळलेलें असतें व पट्ट्याच्या योगानें फिरतें.

तें बिघडलें तर गाडी त्याच क्षणीं थांबत नाहीं, आणि म्हणूनच त्याचा बिघाड फसवा असतो. पेट्रोलच्या गाडींत ठिणगीला वीज लागते. म्हणून कोठी रिकामी होतांच गाडी आपली व्यथा रस्त्यावरच सांगते. जुन्या धर्तीचें डिझेल इंजिन मात्र एकदां सुरू झालें कीं विजेवांचून जवळजवळ वाटेल तितकें चालतें. चालकास कळतें तें रात्रीं, घाटांतील वळणावर समोरचे दिवे पिवळे पडूं लागल्यावर. किंवा पहांटे, उतारू गाडींत बसल्यावर इंजिन उठेनासें झालें म्हणजे.

असा प्रसंग आला कीं जुना अल्टरनेटर काढून दुसरा बसवितात, आणि बहुधा तेवढ्यानें काम भागतें. परंतु दुसरा बसवूनहि बॅटरी भरत नाहीं, तेव्हां काय समजावें? मालक म्हणतो, "नवा मालच खराब आहे." दुकानदार म्हणतो, "आमचा माल तपासूनच देतों. दोष तुमच्या गाडींत आहे." दोघांचेंहि म्हणणें खरें असूं शकतें आणि दोघांचेंहि खोटें असूं शकतें. हा तंटा आवाजानें मिटत नाहीं. तो मापानें मिटतो. माप घेण्याचें साधन मल्टिमीटर होय. शाळेच्या प्रयोगशाळेंत तें असतेंच, व बाजारांतहि तें थोड्या पैशांत मिळतें.

प्रथम यंत्राची रचना थोडक्यांत पाहूं. लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ हलविला असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ मध्यें दाखविलें. अल्टरनेटरांत मध्यें फिरणारा भाग हा विद्युच्चुंबक असतो. दोन लहान कार्बन ब्रशांवाटे त्यास तीन-चार अँपिअर प्रवाह मिळाला म्हणजे तो चुंबक बनतो. त्याच्या सभोंवतीं स्थिर बसविलेल्या तारांच्या तीन वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. पण ती क्षणांत पुढें, क्षणांत मागें अशी वाहणारी असते. तशी वीज बॅटरीला चालत नाहीं. म्हणून वाटेंत सहा डायोड बसविलेले असतात. डायोड म्हणजे विजेची झडप. पंपांतील झडप ज्याप्रमाणें पाण्यास एकाच दिशेनें जाऊं देते त्याप्रमाणें डायोड विजेस एकाच दिशेनें जाऊं देतो. शेवटीं रेग्युलेटर नांवाचा एक कारभारी आहे. तो मधल्या चुंबकास मिळणारा प्रवाह कमीजास्त करून विजेचा दाब सुमारें १४ व्होल्टांवर स्थिर राखतो. इंजिन सावकाश चालो वा जोरानें, दाब फारसा बदलूं नये ही त्याची जबाबदारी.

यापूर्वीं गाड्यांना डायनॅमो असे. त्यांतील सगळाच्या सगळा प्रवाह ब्रशांतून जाई, त्यामुळें ब्रश लवकर झिजत. शिवाय गाडी उभी असतां इंजिनाच्या मंद गतींत डायनॅमो फारशी वीज देत नसे. सिलिकॉनचे टिकाऊ डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर पुढें आला. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९६० च्या व्हॅलियंट गाडीला तो बसविला, आणि नंतर तो सर्वत्र पसरला. डायनॅमो गेला, पण त्याच्या काळांतील एक खोड कित्येक मिस्त्र्यांच्या हातांत अद्याप शिल्लक आहे; तिच्याविषयीं पुढें बोलूं.

आतां चालकासमोरच्या फळीवरील तो लहानसा तांबडा दिवा, ज्यावर बॅटरीचें चित्र असतें, त्याच्याकडे लक्ष द्यावें. पुष्कळांस तो केवळ धोक्याची खूण वाटतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो त्याहून अधिक कामाचा आहे. त्याचें एक टोंक किल्लीवाटे बॅटरीला व दुसरें अल्टरनेटरला जोडलेलें असतें. किल्ली फिरवितांच बॅटरीचा थोडासा प्रवाह दिव्यांतून मधल्या चुंबकाकडे जातो. दिवा पेटतो आणि चुंबक जागा होतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊं लागला म्हणजे दिव्याच्या दोन्ही टोंकांस दाब सारखा होतो, आणि ज्याच्या दोन्ही टोंकांस सारखा दाब आहे त्यांतून प्रवाह वाहणार कसा? म्हणून दिवा विझतो. हें एक तत्त्व समजलें कीं दिव्याची भाषा कळूं लागते. किल्ली फिरवूनहि दिवा पेटला नाहीं, तर बहुधा त्याचा बल्ब तरी गेला आहे किंवा तार तरी सुटली आहे, आणि मग अल्टरनेटर कितीहि उत्तम असला तरी तो झोंपलेलाच राहण्याचा संभव आहे. इंजिन चालूं असतां दिवा मंद तेवत राहिला, तर दोन्ही टोंकांच्या दाबांत अंतर आहे. अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तारेचा सांधा सैल किंवा गंजलेला असला म्हणजे असें होतें.

परंतु दिवा विझला म्हणून सर्व ठीक आहे असें मात्र समजूं नये. तें कां, हें एका प्रत्यक्ष उदाहरणानेंच नीट समजेल.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पाटण तालुक्यांतील आपल्या गांवाहून कराडपर्यंत उतारू नेण्याची जुनी डिझेल जीप चालवितात. अशा गाडीला आमच्याकडे वडाप म्हणतात. सन २०२३ च्या पावसाळ्यांत तिचा अल्टरनेटर गेला. ब्रश झिजून संपले होते. कोयनेच्या खोऱ्यांतला पाऊस म्हणजे दिवसासुद्धां दिवे व वायपर चालूं ठेवण्याचे दिवस, म्हणून त्यांनीं वेळ न दवडतां एका दुकानांतून दुरुस्त केलेला अल्टरनेटर आणून बसविला. दिवसभर गाडी चालली. दुसऱ्या दिवशीं पहांटे बॅटरी मेलेली. ढकलून गाडी सुरू केली; तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. इंजिन चालूं असतां अल्टरनेटरांतून घूं असा एक बारीक आवाजहि येत असे.

त्यांच्या मुलानें हें आम्हांस सांगितलें, तेव्हां आम्हीं त्यास एकच गोष्ट करावयास सांगितली. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला पहांटे हात लावून पहा. त्यानें येऊन सांगितलें कीं तो कोमट लागतो. पावसांत उघड्यावर उभें असलेलें, न फिरणारें यंत्र कोमट कां असावें? त्यांतून वीज वाहत असली पाहिजे, दुसरें कारण नाहीं. मग मल्टिमीटर घेऊन पाहिलें. बॅटरीची ऋण बाजू सोडवून, तार व बॅटरी यांच्यामध्यें मीटर प्रवाह मोजण्याच्या खुणेवर जोडला. किल्ली काढलेली असतांहि तो ३ अँपिअर दाखवूं लागला. मधल्या आंसाच्या टोंकाशीं धरलेला स्क्रू-ड्रायव्हर चक्क ओढला जाई. म्हणजे रात्रभर चुंबक जागाच होता. पुन्हां बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड तार काढली, तिला रबर गुंडाळलें, आणि परत मोजलें, तों कांटा जवळजवळ शून्यावर. सहा झडपांपैकीं एक फुटली होती. तिच्यांतून बॅटरीची वीज उलट आंत शिरून वेटोळ्यांत व तेथून मधल्या चुंबकांत जात होती. हिशेब सोपा आहे: ३ अँपिअर दहा तास म्हणजे ३० अँपिअर-तास, आणि बॅटरी अवघी ७० ची. दिवसां अर्धवट भरलेली बॅटरी दोन रात्रींत रिकामी झाली यांत नवल तें काय? हा अल्टरनेटर खरोखरीच खराब होता. मोजलेले आंकडे एका कागदावर लिहून दिले. दुकानदारानें तो वाचला आणि कांहीं न बोलतां दुसरा अल्टरनेटर काढून दिला.

दुसरा दिसावयास पहिल्याहून पुष्कळ देखणा होता. नुकताच रुपेरी रंग दिलेला, झगझगीत. बसविला; तांबडा दिवा किल्ली फिरवितांच पेटला, इंजिन सुरू होतांच विझला. पट्टा ताणलेला होता. आणि चौथ्या दिवशीं रात्रीं परत येतांना समोरचे दिवे पुन्हां पिवळे पडले.

"सर, त्यानें पुन्हां भंगारच गळ्यांत बांधलें बघा," असें म्हणत विद्यार्थ्याचे वडील संतापून आले. त्यांचा संताप अकारण नव्हता. एकदां खराब माल मिळाला होता. चार दिवसांची कमाई गेली होती. आणि गाडीचा हप्ता कांहीं थांबत नाहीं. ते तडक दुकानांत जाऊन चारचौघांत त्या माणसास लबाड म्हणणार होते. आम्हीं त्यांस म्हटलें, "काका, अर्धा तास थांबा, आधीं मोजून पाहूं."

या मोजणीची रीत विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन वाचावी. इंजिनाची गति थोडी वाढवून, समोरचे दिवे व वायपर चालूं ठेवून, चार ठिकाणीं दाब मोजला. ओझें चालूं असणें हें येथें फार महत्त्वाचें आहे. रिकाम्या बैलगाडीची चाकें तपासून भरल्या गाडीची परीक्षा होत नाहीं. पहिलें माप बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें: १२.५ व्होल्ट. वास्तविक तेथें १३.८ ते १४.४ असावयास पाहिजे होते. इतक्यावरून कोणीहि यंत्रास दोष दिला असता. दुसरें माप खुद्द अल्टरनेटरवर, त्याचा जाड तारेचा बोल्ट आणि त्याचें स्वतःचें धातूचें अंग यांच्यामध्यें: १४.२ व्होल्ट. म्हणजे यंत्र आपलें काम चोख करीत होतें! मग मधले १.७ व्होल्ट गेले कोठें?

तिसऱ्या मापासाठीं मीटरचें एक टोंक अल्टरनेटरच्या बोल्टास व दुसरें बॅटरीच्या धन टोंकास लावलें. आलें ०.२. तारेच्या लांबीमानानें एवढें जाणारच. चौथ्या मापासाठीं एक टोंक अल्टरनेटरच्या अंगास, रंग खरवडून, व दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकास लावलें. आलें १.५ व्होल्ट. येथें एक दशांश, फार तर दोन दशांशांहून अधिक असतां कामा नये. बेरीज करून पहा: १२.५, ०.२ आणि १.५ मिळून बरोबर १४.२. पै न् पैचा हिशेब लागला.

वीज बॅटरीकडे तारेनें जाते, परंतु तिला परत येण्याचीहि वाट लागते, आणि मोटारींत ती वाट म्हणजे इंजिनाचें व सांगाड्याचें लोखंडच असतें. अल्टरनेटर ज्या कानांनीं इंजिनास आवळलेला असतो तेच त्याचें परतीचें दार. त्या कानांवर, बोल्ट बसण्याच्या जागेवर सुद्धां, जाड रंग चढविलेला होता, आणि इंजिनाकडील पट्टी गंजलेली होती. रंग हा विजेस अडविणारा पदार्थ. बोल्टाच्या आट्यांतून काय थोडी वाट मिळेल तेवढीच. जॉर्ज ओहम यानें १८२७ मध्यें मांडलेला नियम आपण नववी-दहावींत शिकतों; तो लावून पाहूं. प्रवाह ३० अँपिअर धरला तर १.५ भागिले ३०, म्हणजे अडथळा अवघा ०.०५ ओहम. इतका अल्प अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर नीट दिसतच नाहीं. तेथें सांधा उत्तमच वाटला असता. प्रवाह वाहत असतांनाच तो उघडा पडतो. आणि तेवढ्या अडथळ्यांत ४५ वॅट वीज उष्णता होऊन फुकट जात होती. कानाजवळचा बोल्ट हातास चांगलाच तापलेला लागला.

मग तांबडा दिवा कां पेटला नाहीं? कारण दिवा धन बाजूच्या दोन टोंकांची तुलना करतो, आणि धन बाजूस अंतर होतें अवघें ०.२ व्होल्ट. त्याच्यापुढें जेवढें होतें त्याची त्यानें खरी साक्ष दिली. ऋण बाजूचें भांडण त्याच्या दृष्टीआड चाललें होतें. रेग्युलेटरचीहि गोष्ट तीच. तो यंत्राच्या अंगावरच बसलेला, तेथें १४.२ दिसतात म्हणून तो स्वस्थ.

उपाय अर्ध्या तासाचा होता. बॅटरी सोडवून अल्टरनेटर उतरविला, कान व पट्टी यांवरील रंग आणि गंज पॉलिश पेपरनें घांसून धातु उजळ केला, अल्टरनेटरच्या अंगापासून इंजिनापर्यंत तांब्याची एक आंखूड जाड पट्टी जोडली, आणि आवळल्यावर पावसाचें पाणी लागूं नये म्हणून वरून ग्रीस फांसलें. चौथें माप पुन्हां घेतलें: ०.१. बॅटरीवर १४.० व्होल्ट. विद्यार्थ्याचे वडील कांहीं वेळ मीटरकडे पाहत राहिले, आणि "बरें झालें, तिकडे गेलों नाहीं," एवढेंच बोलले.

आतां ती खोड. इंजिन चालूं असतां बॅटरीची एक तार उपटावयाची, आणि इंजिन बंद पडलें नाहीं तर अल्टरनेटर ठीक आहे असें ठरवावयाचें. डायनॅमोच्या काळीं ही युक्ति पुष्कळ चालत असे. अल्टरनेटरच्या बाबतींत ती घातक आहे. बॅटरी ही केवळ कोठी नसून दाबाचे हिसके पोटांत घेणारी गादीहि आहे. ती एकाएकीं काढली म्हणजे वेटोळ्यांतील ऊर्जेस जावयास जागा राहत नाहीं, दाब क्षणभर कित्येक दशक व्होल्टांपर्यंत उसळतो, आणि डायोड, रेग्युलेटर, नव्या गाड्यांतले संगणकहि जळूं शकतात. चांगला अल्टरनेटर परीक्षेंतच मारावयाचा आणि मग तो खराब निघाला म्हणून परत न्यावयाचा, यास काय म्हणावें? आमच्या मतें असा मिस्त्री कितीहि जुनाजाणता असो, त्यास गाडीस हात लावूं देऊं नये.

अलीकडील कित्येक गाड्यांत अल्टरनेटरला किती वीज द्यावी याचा हुकूम इंजिनाचा संगणक देतो. तेथें बॅटरी भरलेली असतां दाब मुद्दाम १३ च्या आंतबाहेर ठेवलेला आढळतो. तो दोष नव्हे. तसेंच, मूळ यंत्राशीं न जुळणारा अल्टरनेटर बसविला तर संगणकाचा हुकूम त्यास समजतच नाहीं. म्हणून बदली यंत्र घेतांना जोडणीच्या टोंकांची संख्या, कप्पीचा आकार व व्होल्ट जुन्याशीं ताडून पहावे. ट्रकचा २४ व्होल्टांचा अल्टरनेटर दिसण्यांत तसाच असूं शकतो. उलट दाब १५ व्होल्टांच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरींतील पाणी उकळल्यासारखें होतें, सडक्या अंड्यासारखी घाण सुटते, आणि निघणारा हायड्रोजन वायु एका विडीच्याहि ठिणगीनें भडकूं शकतो. विद्यार्थ्यांनीं हे प्रयोग वडील माणसें जवळ असतांनाच करावे, सैल बाह्या व ओढण्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्या, आणि कोणतीहि तार सोडविण्यापूर्वीं इंजिन बंद करून बॅटरीची ऋण बाजू प्रथम मोकळी करावी.

त्या जीपचें आणखी एक काम राहिलें होतें. परतीची वाट मोकळी झाली तरी बॅटरी तोंवर निम्म्याहून अधिक रिकामी होती. अगदीं रिकामी बॅटरी भरून काढण्याचा भार नव्या अल्टरनेटरवर टाकला तर तो तासन् तास पूर्ण ताकदीनें राबतो, तापतो, आणि पहिल्याच दिवशीं त्याचे डायोड जाण्याचा संभव असतो. म्हणून ती रात्रभर बाहेरील चार्जरवर ठेवावयास सांगितली. सकाळीं कांहीं तास तशीच राहूं दिल्यावर मीटरनें १२.६ व्होल्ट दाखविले, आणि मग ती गाडींत बसवून जीप कराडच्या फेरीस गेली.